आषाढानंतरच्या कविता

१

कोपरच्या खाडीकाठी मिठागरात भरतीचं पाणी आत घ्यायला एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. त्या उघाडीत शनिवारी सकाळी राघो केण्याला एक माणूस अडकलेला दिसला. पायात चपला नव्हत्या, पण अंगात कोट होता आणि त्याची सगळी बटणं नीट लावलेली होती. राघोनं त्याला लगेच ओळखलं. गेला महिनाभर हा माणूस पहाटे बांधावर येऊन उभा राहायचा आणि पाण्याशी बोलायचा. डोंबिवलीचे कवी सुधीर टिपणीस ते हेच.

सुधीररावांचं डोकं फिरलेलं आहे हे गावभर ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांना ठाण्याला इस्पितळात सहा महिने ठेवलं होतं, आणि तिथून परत आल्यापासून ते औषधावर होते. त्यामुळे पोलिसांनी ‘पाय घसरून’ असं लिहिलं आणि हात झटकले. १९५६ सालचा भाद्रपद संपत आला होता, लोकांना आपापली कामं होती. प्रकरण तिथेच मिटायचं. पण मंगळवारी दुपारी सुधीररावांचे थोरले भाऊ आनंदराव डॉक्टर रेग्यांच्या दवाखान्यात आले आणि त्यांनी टेबलावर एक बाटली ठेवली.

ती बाटली ओळखायला पंढरीला जवळ जायची गरज नव्हती. तिच्यावरची डोसांच्या खुणांची कागदी पट्टी त्यानंच कात्रीनं कापून खळीनं चिकटवली होती. पंढरी केणे हा राघोचा पुतण्या आणि रेग्यांचा कंपाउंडर. केण्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मीठच ओढलं गेलं. मॅट्रिक झालेला हा पहिला. दवाखान्याच्या खिडकीमागचं स्टूल ही त्याची गादी होती, आणि आपल्या हातून आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही, हा त्याचा एकुलता एक माज होता.

"सुधीर गेल्यापासून मला झोप नाही," आनंदराव म्हणाले. "म्हणून काल त्याच्याच औषधाचा डोस घेतला. टक्क जागा राहिलो. आज ठाण्याला ओळखीच्या केमिस्टला बाटली दाखवली. डॉक्टर, ह्यात औषधाचा थेंब नाही. गुळाचं पाणी आहे."

डॉक्टरांनी पंढरीकडे पाहिलं.

"मिठागरावरच्या पोरांच्या हाती औषधं दिली की असं होतं," आनंदराव म्हणाले. "तेरावा झाला की मी लेखी तक्रार करणार आहे. ह्याचं सर्टिफिकेट जाईल आणि हा आतही जाईल."

ते गेल्यावर डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "पंढरी, मिक्श्चर तू केलंस. बाटली तू दिलीस. मी काय सांगू त्यांना?"

"तेराव्यापर्यंत काही सांगू नका, साहेब."

एकटा झाल्यावर पंढरीनं बुचात चार थेंब घेतले आणि जिभेवर सोडले. सुधीररावांच्या औषधात ब्रोमाइड असायचं. ते खारट लागतं आणि वरून सरबताचा गोडवा. ह्या पाण्यातही खारट आणि गोड दोन्ही होतं. म्हणजे कुणीतरी चव जुळवली होती, जपून, चाखून. पंढरीनं पुन्हा दोन थेंब घेतले. मिठाची चव त्याला कुणी शिकवायला नको होती. आपल्या मिठाला मागून एक कडवट झाक येते, ती मिठागरावर वाढलेल्या जिभेला चुकत नाही. ह्या पाण्यात ती नव्हती.

हे मीठ समुद्राचं नव्हतंच.

२

ज्याला औषध घ्यायचं नसतं तो ते मोरीत ओततो, त्याची नक्कल करत बसत नाही. नक्कल करायची ती पिणाऱ्याला फसवायला. तेव्हा सुधीररावांनी हे स्वतः केलेलं नव्हतं, एवढं पंढरीला त्याच दिवशी कळलं. ज्यांचा हात बाटलीपर्यंत पोचत होता आणि ज्यांना कारणही असू शकत होतं, अशी उरली तीन माणसं: वरच्या मजल्यावरचे आनंदराव, दर रविवारी येऊन बसणारे संपादक गुप्ते, आणि सुधीररावांची बायको सुमतीबाई.

गुप्त्यांचं मासिक कल्याणला निघायचं. पंढरी गेला तेव्हा ते गॅलीप्रुफांच्या ढिगात बसले होते आणि त्यांच्या तोंडावर सुतकाची छाया नव्हती. नाही म्हणायला डोळे मात्र सुजलेले होते.

"ये, बैस. तू सुधीरचा वाचक ना? दिवाळी अंक सगळा सुधीरचा काढतोय. चाळीस कविता सापडल्या. चाळीस. दोन वर्षं त्या माणसानं मला एक ओळ दिली नव्हती."

त्यांनी एक कागद पुढे केला. अक्षर गुप्त्यांचं होतं, त्यांनी उतरवून घेतलेलं.

*भरती गेली.*
*वाफ्यात उरलं ते पांढरं.*
*चाखून पाहा,*
*एवढाच होतो मी.*

पंढरीनं ती दोनदा वाचली. ह्या माणसाच्या जुन्या कविता त्याला पाठ होत्या. मिक्श्चर घोटताना तो त्या मनात म्हणायचा. ही त्या सगळ्यांहून वरची होती.

"बघितलंस?" गुप्ते म्हणाले. "मी ओरडून सांगत होतो, ह्या औषधानं माणूस जगतोय पण कवी मेलाय. आता आनंदराव म्हणतात बाटलीत पाणी होतं. कुणी केलं मला माहीत नाही. पण पाणी झालं, आणि हे आलं. वेड गेलं की प्रतिभा जाते, वेड आलं की येते. प्रस्तावनेत मी हेच लिहिलंय."

"तुम्ही केलंत का, साहेब?"

गुप्ते रागावले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "मनात शंभरदा आलं. हात झाला नाही. मी रोज तुझंच औषध घेतो, रक्तदाबाचं. डोस चुकला तर मी घाबरतो. दुसऱ्याचा कसा चुकवणार?"

गुप्त्यांच्या रक्तदाबाची चिठ्ठी पंढरीनंच वाचली होती. त्यात मीठ वर्ज्य होतं, आणि संपादक मरणाला इतके भ्यायचे की लोणच्याच्या बरणीकडे बघतसुद्धा नसत. खारट पाणी चाखून चाखून जुळवणारा माणूस हा नव्हे.

निघताना त्यानं विचारलं, "मूळ कागद कुठे आहेत?"

"सुमतीबाईंकडे परत दिले. चिठोऱ्याच सगळ्या, एका पत्र्याच्या डब्यात होत्या. तारीख एकीवर नाही." गुप्त्यांनी चष्मा पुसला. "पण तारखेची गरज काय? कविताच सांगतात कधीच्या ते."

३

आनंदरावांनी पंढरीला जिन्यातच उभं केलं. आत त्यांची मुलगी मंदाकिनी भाजी निवडत बसली होती. तिचं तिसरं स्थळ नुकतंच मोडलं होतं. ‘घरात वेड आहे’ असं पाहुण्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

"तुला वाटतं मी केलं?" आनंदराव म्हणाले. "खरं सांगू? तो पुन्हा ठाण्याला इस्पितळात गेला असता, घरात दिसला नसता, तर माझ्या पोरीचं लग्न झालं असतं. हे मनात आलं नाही असं मी देवासमोर म्हणणार नाही. पण तो माझा भाऊ होता रे. लहानपणी माझ्या पाठीवर बसून नदी ओलांडायचा."

ते भिंतीला टेकले. आता त्या माणसाला कुणावर तरी चिडायचं होतं, आणि समोर पंढरी होता, एवढंच ते होतं. पंढरीला त्यांचा राग येईना.

"एक विचारू? तुम्ही उपास कुठले करता?"

"श्रावणी सोमवार. का?"

"काही नाही."

पंढरी मागच्या अंगणात गेला. तिथे सगुणा भांडी घासत होती. ही त्याची लांबची आत्या, टिपणिसांकडे दहा वर्षं कामाला.

"आते, ह्या घरात सैंधव कोण खातंय गो?"

"कला इचारतंस?" सगुणा राख झटकत म्हणाली. "सुमतीबाई. आषाढी एकादशीला बाईंनी नेम धरलान, चार म्हयने आपला मीठ सोरलाय. नवऱ्यासाठी. फकस्त सैंधव. बोटभर आमटी चाखायची झाली तरी चाखत नाय. एवरा कडक नेम मी कुठं बगला नाय रे पोरा."

पंढरी पायरीवर बसला. सैंधव म्हणजे खाणीतलं मीठ. ते उपासाला चालतं, म्हणून घरोघरी असतं. पण लोक ते काढतात उपासाच्या दिवशी. ही बाटली गेल्या बुधवारी दिलेली. श्रावण संपून तीन आठवडे झाले होते. त्या बुधवारी ना एकादशी होती ना चतुर्थी. आनंदराव किंवा दुसरं कुणीही असतं तर चुलीजवळच्या मडक्यातलं साधं मीठ मुठीनं टाकून मोकळं झालं असतं. साध्या दिवशी सैंधव शोधणारा माणूस एकच: ज्याला चाखल्याशिवाय चव जुळवता येत नव्हती, आणि चाखायचं तर साधं मीठ जिभेला लावता येत नव्हतं. नवऱ्याला फसवताना त्या बाईला नवऱ्यासाठी धरलेला नेम मोडवला नव्हता.

आपण सुटलो, हे त्याला कळलं. तरी तो पायरीवर तसाच बसून राहिला.

४

सुमतीबाई खिडकीशी बसल्या होत्या. पंढरीनं मिठाचं सांगितलं, एकादशीचं सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "डॉक्टरांना मी लिहून देते. तुमच्यावर आळ यायला नको होता. ते माझ्या ध्यानातच आलं नाही."

"बाई, का केलंत?"

"दोन वर्षं ते जेवत होते, झोपत होते, कचेरीत जात होते. सगळे म्हणायचे, सुमती, सुटलीस. आणि संध्याकाळी ते इथे बसायचे आणि भिंतीकडे पाहायचे. मी विचारायचे, काय करताय? म्हणायचे, काही नाही. पंढरी, मी ज्या माणसाशी लग्न केलं त्यानं मला लग्नाआधी सत्तर कविता पाठवल्या होत्या. तो माणूस त्या बाटलीत बुडालाय असं मला वाटायचं. ह्या आषाढात म्हटलं, थोडे दिवस बंद ठेवू. दोन कविता येऊ देत, मग पुन्हा सुरू करू."

"त्यांची झोप गेली तेव्हा तरी…"

"झोप गेली तेव्हा मला वाटलं, आता येणार कविता. पूर्वी असंच व्हायचं." त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "आणि तुम्हीच विचारायचात ना, दर बुधवारी बाटली भरताना? ‘साहेबांनी हल्ली काही लिहिलं का?’ मी नाही म्हटलं की तुमचं तोंड उतरायचं. मला लाज वाटायची. मी त्यांना नुसतं जगवतेय असं वाटायचं."

पंढरीला हे आठवत होतं. दर बुधवारी. न चुकता.

"मला जे व्हायचं ते होवो," सुमतीबाई म्हणाल्या. "पण चाळीस आल्या. गेले तेव्हा ते पुरे होते, हे तरी माझ्यापाशी आहे. त्यावर मी उरलेलं काढीन." आणि त्यांनी पत्र्याचा डबा त्याच्या हातात दिला, एखाद्या आईनं तान्हं मूल द्यावं तसा.

पंढरीनं झाकण उघडलं आणि त्याचा हात तिथेच थांबला.

औषधानं सुधीररावांना पित्त व्हायचं, म्हणून मिक्श्चरबरोबर सोड्याच्या पुड्या जायच्या, दिवसाला तीन. कविता त्या पुड्यांच्या कागदांवर होत्या. पुड्यांचे कागद पंढरी कापायचा, मिळेल त्या रद्दीतून. पहिलं वर्ष डॉक्टरांच्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठी, जाड आणि गुळगुळीत. मग ते कागद संपले तेव्हा शाळेच्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं, निळ्या रेघांची. ती ह्या ज्येष्ठात संपली. त्यानंतर आजतागायत तो छापखान्यातल्या बदामी कातरणीत पुड्या बांधत होता.

त्यानं एकेक कागद चाळला. गुळगुळीत. निळ्या रेघांचा. गुळगुळीत. पुन्हा निळ्या रेघा. चाळीसच्या चाळीस. वाफ्यातलं मीठ असलेली कविता कॅलेंडरच्या पाठीवर होती, दोन वर्षांपूर्वीच्या. तळाशी दहा-बारा बदामी पुड्या घट्ट मिटलेल्या तशाच पडल्या होत्या, न वापरलेल्या वाटत होत्या.

सुधीरराव लिहीत होते. औषध पिऊन, जेवून, झोपून, भिंतीकडे पाहून पाहून महिन्याला एक-दोन, कुणाला न सांगता. आषाढानंतर त्यांनी एकही कविता लिहिली नव्हती.

"काय झालं?" सुमतीबाईंनी विचारलं.

"काही नाही," पंढरी म्हणाला, आणि डबा परत दिला.

५

सुमतीबाईंच्या चिठ्ठीनं पंढरी सुटला. आनंदरावांनी ती वाचली, खालच्या खोलीत जाऊन भावजयीपुढे बसले आणि तसेच उठून आले. घराची आणखी शोभा नको म्हणून तक्रार राहिली. डॉक्टरांनी पंढरीच्या खांद्यावर हात ठेवला. स्टूल त्याचं त्याला मिळालं.

त्यावर बसून तो रोज स्वतःला एकच सांगायचा. बाईला सांगून काय होणार? मेलेला माणूस उठणार नाही, जिवंत आहे ती मरेल. एका बाईच्या जगण्याला एवढा एक आधार आहे, तो काढून घेणारे आपण कोण? हिशेब सोपा होता आणि त्यात दया होती. दिवाळीत अंक निघाला, गुप्त्यांच्या प्रस्तावनेसह. कल्याणपासून ठाण्यापर्यंत लोक तो मागून मागून वाचत होते.

कार्तिकात एका दुपारी सुहासिनी वैद्य आल्या. कळव्याच्या शाळेत मराठी शिकवायच्या, माहेर डोंबिवलीचं, म्हणून औषध इथून न्यायच्या. वर्षापूर्वी त्यांनी दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता. तेव्हापासून त्या सुधीररावांच्याच मिक्श्चरवर होत्या. त्यांनी भरलेली बाटली खिडकीत ठेवली. पट्टीवरची एकही खूण उतरलेली नव्हती.

"हे परत घ्या. आता नको मला."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"मीच ठरवलंय. मी पूर्वी गोष्टी लिहायचे, पंढरी. हे सुरू झाल्यापासून बंद आहेत." त्या हसल्या, आणि ते हसणं फार उजळ होतं, पंढरीला ते मुळीच आवडलं नाही. "टिपणिसांचा अंक वाचला. दोन महिन्यांत चाळीस कविता. माणसानं दोन महिने जगावं, पण असं."

बाटलीत पाणी घालणाऱ्या हातानं निदान मायेनं घातलं होतं. आपण नुसते गप्प बसलो होतो. पंढरीला आपल्या एकुलत्या एक माजाची आठवण झाली आणि तोंड कडू झालं.

"बसा, ताई," तो म्हणाला. "त्या कविता दोन महिन्यांतल्या नाहीत."

त्यानं सगळं सांगितलं. सुहासिनीबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "हे तुम्ही मला औषध घ्यायला लावायला रचून सांगताय."

"कागद आहेत. दाखवतो. तोवर आजचा डोस माझ्यासमोर घ्या."

त्यांनी घेतला. उद्याचा घेतील की नाही, हे त्या कागदांवर होतं.

पंढरी तसाच टिपणिसांकडे गेला. सुमतीबाईंचा आवाज आता थोडा मोठा झाला होता. अंकामुळे लोक भेटायला यायचे, त्यांना चहा व्हायचा. त्यानं सुहासिनीबाईंचं सांगितलं आणि डबा मागितला. त्यांच्यासमोर जमिनीवर तीन ढीग केले, गुळगुळीत, निळे, बदामी, आणि कुठला कागद कधीचा ते सांगितलं. हे सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सुमतीबाई बदामी पुड्यांकडे बघत राहिल्या.

"ह्या उघडल्या नाहीत का त्यांनी?"

"नसाव्यात."

त्यांनी एक पुडी उचलली. आत सोडा नव्हता. उघडून, आतून लिहून पुन्हा मिटलेली होती. पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. त्यांनी ती वाचली आणि पंढरीकडे दिली. दुसरी उघडली. तिसरी. सगळ्यांवर थोड्याफार फरकानं तेच होतं.

*औषध वेळेवर घेतो आहे. तरी आवाज थांबत नाहीत. सुमतीला कळू देऊ नये. दोन वर्षांत प्रथमच ती आनंदात दिसते आहे.*

सगुणेनं आतून चहाचं विचारलं. मग ती दारात येऊन उभी राहिली.

"ह्या घेऊन जा," सुमतीबाई म्हणाल्या. "त्या मास्तरीणबाईंना दाखवा. नीट वाचता येतील अशा पाहून घ्या."

त्यांनी पुड्या एकावर एक रचून त्याच्या हातात दिल्या. मग खिडकीशी जाऊन नेहमीच्या जागी बसल्या.

"मी खरंच आनंदात होते, पंढरी," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, ते लिहितायत."